हाताचं गोंदण

सिंधुबाईंच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाच ठिपके होते. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. शौनकने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि मऊ आवाजात विचारलं, "आजी, या गोंदणाचा अर्थ काय?"

"अर्थ कसला?" सिंधुबाई म्हणाल्या. "जागा उरली व्हती."

दुसऱ्या दिवशी शौनकच्या टॅटू स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर त्या मनगटाचा फोटो झळकला. खाली लिहिलेलं : 'पंचमहाभूतांचं आदिम चिन्ह. आमच्या आजींच्या घराण्यात शतकानुशतकं जपलेलं.' त्याखाली हात जोडल्याची आणि डोळे पाणावल्याची चित्रं टाकणाऱ्यांची रांग लागली. मी तो प्रश्न विचारला जाताना तिथेच होते, हातात सॅनिटायझरची बाटली घेऊन. मी हसले नाही आणि बोललेही नाही. शौनककडे सात वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हसू आवरणं जमतं. बोलणं आवरणं तर पहिल्याच वर्षी जमतं.

मी निकिता. देवळाली कॅम्पातली. वडिलांचं बाजारात वर्दी शिवायचं दुकान. लहानपणापासून जवानांचे दंड, खांदे, छात्या मापं घेताना बघितलेल्या, त्यावरची नावं, वाघ, त्रिशूळ पाठ झालेले. दहावीनंतर चित्रकलेची पदविका केली, कॅम्पातल्याच एका टॅटूवाल्याकडे हात बसवला आणि मग गंगापूर रोडवर शौनकच्या स्टुडिओत लागले. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर बुद्ध. लोक मोबाइलमध्ये चित्र घेऊन यायचे, मी ते त्यांच्या अंगाच्या घडणीप्रमाणे नव्याने काढायची आणि शौनक त्यांना सांगायचा की हे चित्र जगात दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही. सही मात्र स्टुडिओची.

शौनकचं घर पंचवटीतलं. वडील रामकुंडावर यजमानांचे विधी करतात. ते काम ते मन लावून करतात, मी पाहिलेलं आहे. रडणाऱ्या माणसाला घाई करत नाहीत. शौनकने त्यांच्याकडून फक्त आवाज उचलला. त्या आवाजात तो गिऱ्हाइकाला टाचेवरच्या फुलपाखराबद्दल असं काही सांगायचा, की बाई मोक्ष मिळाल्यासारखी चप्पल घालून निघायची.

गोंदणाचं त्याला पूर्वी वावडं होतं. माझी एखादी रेघ जाड गेली की तो म्हणायचा, "जत्रेतलं वाटतंय हे, निकिता." मग तो कुठल्याशा संमेलनाला गोव्याला गेला. तिथे परदेशी लोक मशीनशिवाय, नुसत्या सुईने टोचून घेण्यासाठी महिना महिना थांबतात हे त्याने बघितलं, आणि परत आल्यावर त्याला अचानक मुळं फुटली. 'आपली माती', 'आपल्या आज्या' असले शब्द तोंडात आले. पुढच्याच आठवड्यात तो मला गाडीत घालून हरसूलच्या बाजाराला घेऊन गेला.

सिंधुबाई तिथे लसणाच्या ढिगाशेजारी पोतं टाकून बसल्या होत्या. साठीच्या, काटक, अंगात पुरुषी स्वेटर. समोर एक पितळी डबी आणि दोऱ्याने बांधलेल्या चार सुया. पाड्यावरची एक म्हातारी पुढ्यात बसलेली, तिच्या दंडावरचं जुनं पुसट नाव त्या गडद करत होत्या. डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची, उजव्या हाताने टक टक टक, मग फडक्याने पुसायचं. सुया रक्ताला टेकतात न टेकतात अशा. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मला मशीनने अशी रेघ जमायला तीन वर्षं लागली होती.

"काय सुंदर!" शौनक म्हणाला आणि चित्रीकरण सुरू केलं.

सिंधुबाईंनी मान वर न करता विचारलं, "गोंदायचंय का नुसतं बघायचंय? उजेड सोड."

त्या यायला तयार कशा झाल्या याचं मला नवल वाटलं होतं. त्यांनी दोन प्रश्न विचारले : दुपारचं जेवण आहे का, आणि तुमच्याकडे मशीन किती आहेत. दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

दर रविवारी सकाळच्या एसटीने त्या साडेआठच्या सुमारास सीबीएसला उतरायच्या. मी माझ्या गाडीवर त्यांना स्टुडिओत आणायची. पहिल्याच रविवारी शौनकने त्यांना हिरवं नऊवारी लुगडं, चांदीसारख्या दिसणाऱ्या पाटल्या आणि मोठी नथ दिली. सिंधुबाईंनी नथ उलटीपालटी केली.

"ही घालून खाली बघून गोंदायचं कसं? नाकात अडकती."

"आजी, लोकांना तुमचं मूळ रूप बघायचं असतं."

"माझं मूळ रूप स्वेटर हाय," त्या म्हणाल्या. पण लुगडं नेसल्या. नथ मात्र त्यांनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधीच काढून बुद्धाच्या पायाशी ठेवली.

कामाच्या बाबतीत त्या माझ्याशी कधी भांडल्या नाहीत. मी म्हटलं, सुया दर माणसाला नव्या, बंद पाकिटातल्या, तर त्या म्हणाल्या, "नव्याच पायजे. मी उकळून घ्यायची, ही तुझी सोय बरी हाय." शाई आमची घेतली, कारण तव्यावरची काजळी धरायला आता चूल कुठे रोज पेटते, असं त्यांचं म्हणणं. हातमोज्यांवर नाक मुरडलं, मग स्वतःच दुसरी जोडी मागितली.

गिऱ्हाइकांची मात्र त्यांना कीव यायची. एका मुलीने टोचण्याआधी बधिर करायचं मलम मागितलं, तर त्या मला म्हणाल्या, "कळूच द्यायचं नसंल तर आंब्याच्या झाडावर गोंदून दे तिला." एक इंजिनिअर आपल्या खांद्यावर सूर्य काढून घेताना घामाघूम झाला आणि मोठ्याने श्वास सोडायला लागला. सिंधुबाईंनी विचारलं, "याची बायको बाळंत व्हते का?"

आरोही नावाची एक मुलगी आली होती, योगाचे वर्ग घेणारी. मानेमागे तीन ठिपके घेऊन झाल्यावर तिने सिंधुबाईंचे दोन्ही हात हातात धरले. "आजी, याने माझ्यात काय बदल होईल?"

"काय व्हनार? तीन दिवस दुखंल. मग खाजंल. खाजवू नको."

शौनक लगेच पुढे झाला. "आजी म्हणतायत, आधी वेदना, मग जागृती. आणि संयम."

आरोहीने डोळे मिटले. सिंधुबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग अजिबात नव्हता. माश्या घोंगावत असलेल्या गुळाच्या ढेपेकडे बघावं तसं त्या शौनककडे बघत होत्या.

मला त्या फार आवडायला लागल्या. मी मनातल्या मनात त्यांची वकील झाले होते. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच : हा माणूस एका खऱ्या कलावंताला दुकानात मांडतो आहे, हिच्या हातातली विद्या हिच्याबरोबर संपणार आहे, आणि हे फक्त मला कळतंय. असं वाटून घेण्यात फार सुख असतं. त्या सुखात मी दोनएक महिने काढले.

एका रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे आधी पोचलो. स्टुडिओ अकराला उघडायचा. मी खुर्च्या पुसत होते. सिंधुबाई माझ्या टेबलापाशी गेल्या, माझं पेनसारखं मशीन उचललं, वजन बघितलं आणि म्हणाल्या, "हे मला शिकव."

मला वाटलं, गंमत करतायत. "मावशी, तुम्हाला काय करायचंय मशीन? तुमच्या हातात जे आहे ते कुठल्या मशीनला जमणार नाही."

"जमतं की. तुला जमतं, मी बघती ना."

"तसं नाही हो. हाताचं गोंदण ही... ती आपली परंपरा आहे. तुम्हीच मशीन घेतलं तर मग उरलं काय?"

सिंधुबाईंनी मशीन खाली ठेवलं. उजवा हात माझ्यापुढे केला. अंगठ्याचं मूळ सुपारीएवढं सुजलेलं होतं. त्यांनी तो वाकवून दाखवायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यातच थांबला.

"तीस वर्सं टकटक केलं की ह्यो असा व्हतो. सकाळी लोटा धरता येत नाय. आन् बाजारात आता माझ्याकडं कोन येतं? म्हाताऱ्या. त्या तरी किती राहिल्या? पोरी सगळ्या त्या यादवकडं जातात. पेठकडून येतो, बॅटरीवर मशीन चालवतो. अक्षर बघशील तर वांती व्हईल. 'आरती'चं 'आरनी' करून ठेवतो. तरी रांग त्याच्याकडं. झटकन व्हतं, पोरींना घरी जायचं आसतं."

"पण हाताने करायचं..."

"हातानं करायची मला हौस व्हती का? मशीन नव्हती म्हणून हातानं केलं. तू कॅम्पातून गाडीवर येती का नाय? चालत ये की मग. चालत येनं लय जुनं हाय."

मी पुसलेलीच खुर्ची परत पुसायला घेतली.

"तो शेट मला लुगडं नेसवतो," त्या म्हणाल्या, "आन् तू मनात नेसवती. तुमच्या दोघांत फरक एवढाच की तू चहा करून देती."

मला इतकं लागलं की मी खरंच चहा करायला गेले. गॅसपाशी उभी राहून मी स्वतःला सांगत होते की या बाईला तिच्याच कलेची किंमत कळत नाही. चहा उकळून वर आला तेव्हा मात्र मला ऐकू आलं की मी हे शौनकच्याच आवाजात म्हणते आहे.

त्या दिवसापासून नऊ ते अकरा आमची शिकवणी. सरावाची रबरी कातडी त्यांनी हातात धरली आणि फेकून दिली. "ही काय कातडी हाय? पायताण हाय." पुढच्या रविवारी त्या पिशवीतून दुधी भोपळे घेऊन आल्या. मी माझं पहिलं मशीन काढून दिलं, कॅम्पात शिकले होते ते. जड आणि आवाज करणारं, पण दणकट. पायाखालचं पेडल त्यांना त्रास द्यायचं. चप्पल काढून, शिलाई मशीनवर ठेवावा तसा पाय ठेवल्यावर जमलं. कातडी ताणायचं त्यांना शिकवावं लागलं नाही. सुई किती खोल जाऊ द्यायची तेही नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी भोपळ्यावर केसाएवढी बारीक, न थांबता, एक गोल रेघ फिरवली आणि दोन्ही टोकं जिथे जुळली तिथे मला जोड सापडेना.

"बघ," त्या म्हणाल्या, "ह्यात काय अवघड हाय? उगा काचेच्या दारामागं बसता."

पाचव्या रविवारी मी माझी पोटरी पुढे केली. त्यांनी तिथे माझं नाव लिहिलं. अक्षरं छापल्यासारखी. मी स्वतः माझ्या अंगावर याहून बरं काम करून घेतलेलं नाही.

शौनकला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दिवाळीनंतरच्या एका महोत्सवाच्या मागे लागला होता. गंगापूर धरणाच्या बाजूला एका द्राक्षमळ्यात 'मूळ' नावाचा दोन दिवसांचा कार्यक्रम होता : मातीची भांडी, हातमागाच्या साड्या, चुलीवरचं जेवण, आणि मधोमध आमचं गोंदण. शौनकने तिथे झोपडी उभी करवली. बांबू, गवत आणि प्लायवूडवर शेणाचा थर. सिंधुबाईंनी आत शिरताच भिंतीवरून बोट फिरवलं. "सारवता पण येत नाय. भेगा बघ."

माझं ते जुनं मशीन माझ्या पिशवीत होतं. संध्याकाळी एसटीत बसवताना मी ते त्यांना कायमचं देणार होते.

यादीत अकरा नावं होती. शौनक झोपडीबाहेर माइक घेऊन उभा. "इथे विजेचा स्पर्श नाही," तो सांगत होता, "इथे यंत्र नाही. फक्त सुई, शाई आणि एका आदिमातेचे हात." लोक झोपडीसमोर गालिच्यावर बसून द्राक्षाची वाइन पीत ऐकत होते. विजेचा स्पर्श नसलेल्या त्या झोपडीत वर हॅलोजन लावलेला होता.

चौघांचं काम नीट झालं. पाचवीला मोर हवा होता, मोठा, पिसाऱ्यासकट. तो संपेस्तोवर सिंधुबाईंच्या कपाळावर घाम आला. सहाव्या होत्या सरोजिनीताई, जुन्या साड्या जमवणाऱ्या, कार्यक्रमाच्या पाहुण्या. त्यांनी दंड पुढे केला. सिंधुबाईंनी सुया उचलल्या आणि त्या बोटांतून खाली पडल्या. परत उचलल्या, परत पडल्या. अंगठा मिटतच नव्हता.

त्यांनी फडक्याला हात पुसला आणि मला म्हणाल्या, "निकिता, मशीन काढ."

मी काढलं. झोपडीच्या मागे हॅलोजनची वायर होती, तिथेच जोडलं. शौनक आवाज ऐकून आत आला.

"हे काय चाललंय?"

"अंगठा गेलाय," सिंधुबाई म्हणाल्या. "सहा बाया बाकी हाय. मशीनवर करती."

"आजी, असं कसं चालेल? मी आत्ता बाहेर काय सांगितलं?"

"ते तू सांगितलं. मी नाय."

सरोजिनीताईंनी दंड मागे घेतला. त्यांचा चेहरा कुणीतरी फसवल्यासारखा झाला होता. "मशीनचं मला कॉलेज रोडला कुठेही मिळेल. मग मी इथे कशाला येऊ?"

"मग तिथं जा," सिंधुबाई म्हणाल्या.

असं कुणी त्यांना बऱ्याच वर्षांत म्हटलं नसावं. त्या उठल्या, पदर सावरला आणि शौनककडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलल्या. शौनक माइकवर म्हणाला की आजी ध्यानात जात आहेत, थोडा विराम घेऊया. मग वायर सांभाळणाऱ्या माणसाला खूण केली. त्याने मागचा बोर्ड बंद केला. हॅलोजन गेला, मशीन गेलं.

झोपडीच्या मागच्या बाजूला जेवण रांधणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक, विमलाबाई, सकाळपासून मध्ये मध्ये येऊन डोकावत होती. हाताला पीठ, कपाळावर धुराची रेघ. ती आता गवत बाजूला सारून म्हणाली, "मावशी, माझ्या हातावर करता का? मशीनवर चालंल मला. नुसतं नाव."

"कुनाचं?"

"माझंच. नवऱ्याचं हाय दुसऱ्या हातावर, ते काय कामाचं?"

सिंधुबाई उठल्या. मी मशीन, शाई, सुयांची पाकिटं उचलली. शौनक दारात आडवा झाला. "निकिता, तू हे करणार नाहीस."

सात वर्षांत त्याने मला अनेकदा असं म्हटलं होतं आणि दर वेळी मी ते केलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्या शेजारून निघून गेले. धाडस वगैरे काही नव्हतं. त्याच्या शर्टावर 'माती' असं देवनागरीत छापलेलं होतं, इस्त्री कडक होती, आणि इतक्या जवळून बघताना मला एकदम वाटलं की या माणसाला मी घाबरत आले, या माणसाला!

मिक्सरचा पॉइंट स्वयंपाकाच्या मांडवात होता. तिथे मशीन जोडलं. विमलाबाई उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली. मी तिचा हात धुऊन, पुसून दिला. सिंधुबाईंनी चप्पल काढली, पेडलवर पाय ठेवला आणि सगळ्या मांडवात, मांडवाबाहेर, गालिच्यापर्यंत तो घरघर आवाज गेला. वाइनचे पेले हातात धरून काही लोक येऊन बघून गेले. एकाने फोटो काढला आणि मग, यात काढण्यासारखं काही नाही असं वाटून, पुसून टाकला. मला दिसलं ते. विमलाबाईने 'विमल' बघितलं, हसली आणि दुसरीला हाक मारली. चौघींची नावं झाली. एकीने मुलीचं नाव लिहून घेतलं, एकीने नुसतं 'आई'.

शौनक शेवटी आला तेव्हा जवळ एक फोटोग्राफर उभा होता, म्हणून तो हसत होता. हसत हसतच त्याने सिंधुबाईंना सांगितलं, पुढच्या रविवारपासून यायची गरज नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "लुगडं तुझं सोडून पिशवीत ठेवलंय, धुवायचं तेवढं ऱ्हायलंय." मग विमलाबाईने वाढलेलं ताट घेऊन त्या जेवायला बसल्या आणि शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतली.

सीबीएसला एसटीची वाट बघताना मलाच रडू आलं. त्यांनी मशीनची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"तू कशाला रडती?"

"त्याने तुम्हाला असं हाकललं, मावशी."

"त्यानं? मी शिकायला आले व्हते, शिकले. त्याला काय दुसरी मिळंल. नाय मिळाली तर सोताच बसंल लुगडं नेसून."

लुगडं सोडलं तर तसंच झालं. पंधरा दिवसांत स्टुडिओच्या पानावर शौनकचा फोटो आला : खादीचा सदरा, मांडी घातलेली, हातात दोऱ्याने बांधलेल्या सुया. 'हरसूलच्या आजींकडून लाभलेली विद्या.' त्याने सिंधुबाईंच्या शेजारी बसून एकदाही सुई हातात घेतलेली नव्हती. शिकायचं म्हणून त्याने त्यांचं चित्रीकरण केलेलं होतं, तेवढंच.

आणि मी? मला सांगायला लाज वाटते, मी चार महिने तिथेच राहिले. द्राक्षमळ्यात एवढ्या तडफदारपणे त्याच्या शेजारून निघून गेलेली मी सोमवारी सकाळी अकराला हजर होते. शौनक त्या दिवसाबद्दल बोलला नाही, मीही नाही. घरी आईला सांगायचे, बाहेर काम नाही मिळत पटकन. खरं म्हणजे मी शोधलंच नव्हतं. शौनकला हसणं सोपं होतं. ते मी सात वर्षं करत होते आणि त्यालाच मी स्वाभिमान म्हणत आले होते.

मग त्याने गोंदणाची कार्यशाळा काढली. प्रमाणपत्रासह. पहिल्याच दिवशी प्रात्यक्षिकाला यशश्री नावाची एक मुलगी बसली, नुकतीच नोकरीला लागलेली, हौशी. तिच्या हाताच्या आतल्या बाजूला शौनकने कणीस काढायला घेतलं. सुया तो मशीनच्या जोराने खुपसत होता. रक्त आलं की म्हणायचा, "देह बोलतोय." तिसऱ्या दिवशी यशश्री हात घेऊन परत आली. शाई कातडीखाली पसरून कणसाभोवती निळा ढग तयार झाला होता. तो जन्मभर जाणार नव्हता.

शौनकने तिचा हात हातात घेतला आणि रामकुंडाच्या आवाजात म्हणाला, "काही देह परंपरा सहज स्वीकारत नाहीत. तुझ्यात कुठेतरी विरोध आहे."

त्या मुलीने ते खरं मानलं. तिने मान खाली घातली. "हो सर, मी जरा घाबरले होते."

तिने त्याला शिवी दिली असती तर मी कदाचित आजही तिथे असते. मी म्हटलं, "तुझ्यात काहीही विरोध नाही. सुई खोल गेली. यांना गोंदता येत नाही. यांना कधीच येत नव्हतं, मशीननेही नाही. इथल्या भिंतीवरची सगळी कामं माझी आहेत." मग मी तिला आत नेऊन बसवलं, त्या ढगाला सामावून घेणारी गडद पानं आखून दिली आणि जखम भरल्यावर माझ्या घरी यायला सांगितलं. ॲप्रन खुंटीला लावला. शौनक काउंटरमागे उभा राहून मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता, किंवा शोधल्यासारखं करत होता.

यशश्री महिन्याने कॅम्पात आली. तिचा हात मी वडिलांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर नीट करून दिला. तिच्या पाठोपाठ आणखी दोघी आल्या.

हरसूलला जायला मला त्यानंतरही वेळ लागला. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. बाजाराच्या दिवशी दुपारी पोचले. लसणाचा ढीग होता तिथेच होता. पोत्याच्या जागी आता लोखंडी टेबल, वर छत्री, खाली बॅटरी. मागे बांबूला एक फ्लेक्स बांधलेला : गुलाब, बदाम, बाण लागलेला बदाम, मोरपीस, इंग्रजी अक्षरं. सिंधुबाई स्वेटर घालून, चप्पल काढून बसल्या होत्या आणि समोर पोरींची रांग होती. यादव पलीकडे रिकामा बसून तंबाखू मळत होता.

मी तो फ्लेक्स बघत उभी राहिले. गुलाब अगदी वाईट होते.

"तोंड का वाकडं केलं?" सिंधुबाईंनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही. हे गुलाब... कुणी काढले?"

"प्रेसवाल्यानं. पोरींना आवडतात. तुला नाय ना घ्यायचे?"

"मला हाताने करून द्या काहीतरी, मावशी. एवढंसं. अंगठ्याला सोसेल तेवढं."

समोरच्या पोरीचं शेवटचं अक्षर पुरं करून त्यांनी मशीन थांबवलं. "हाताचं? ते शेटकडं मिळतं. प्रमाणपत्र पण देतो म्हनं."

रांगेतल्या पोरी हसल्या. त्यांना काही कळलं नव्हतं, पण सिंधुबाई हसल्या म्हणून त्या हसल्या.

"उभी राहू नको उजेडात," त्या म्हणाल्या. "ती वही घे. पोरी इंग्रजीत नावं मागतात, मला मोबाइलमधून बघून काढायला लागतं, टाइम जातो. तू लिहून दे एकेकीला."

मी लसणाच्या गोणीवर बसले आणि नावं लिहून द्यायला लागले. प्रत्येकीला विचारून, पेन्सिलीने, जमेल तेवढं वळणदार. सूर्य कलला, लसूणवाल्याने ढीग आवरला, तरी रांग होती. सिंधुबाईंनी माझी दोन पानं परत पाठवली. एकात अक्षरं फार चिकटली होती. दुसऱ्यात मी शेवटच्या अक्षराला शेपूट काढलं होतं.

"हे काय काढलंय?" त्यांनी विचारलं.

"जरा शोभा."

"तिनं नाव मागितलंय," सिंधुबाई म्हणाल्या. "पुन्हा लिही."